फज पेडलमधली शिट्टी: मायनस ९ व्होल्टच्या बोर्डाची वायरिंग कशी तपासायची

घरी बनवलेलं जर्मेनियम फज पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारा पायाखालचा डबा, बॅटरीवर सुरेख वाजत असतं. मग त्यात व्होल्टेज कन्व्हर्टरचा छोटा बोर्ड बसवून ते अडॅप्टरवर चालवायला घेतलं, की अँपमधून बारीक, एकसुरी शिट्टी सुरू होते. फजचा नॉब वाढवला की शिट्टीही वाढते. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण खाली आणला तरी ती जात नाही. ठाण्यातली आणि खाडीपलीकडे ऐरोली, कोपरखैरण्यातली जी मुलं आपलं पेडल घेऊन माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांची तक्रार हीच असते. आणि येण्याआधी बहुतेकांनी आयसी बदलून पाहिलेली असते.

आयसी बदलून ही शिट्टी क्वचितच जाते. आयसी बिघडलेली असती तर मायनस ९ व्होल्ट मिळालेच नसते. ती तिचं काम करत असते, आणि त्या कामात जो धडधडता करंट तयार होतो तो परत जाताना कुठल्या वायरीतून जातो, यावर शिट्टी ऐकू येणार की नाही हे ठरतं. म्हणून सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी शिट्टी कुठल्या वाटेनं येते ते शोधा. शोधायला एक ९ व्होल्टची बॅटरी, दोन क्रोकोडाइल क्लिप आणि मल्टिमीटर पुरतो.

बोर्ड लागतो कशाला

१९६६ साली आलेल्या फज फेस या गाजलेल्या पेडलच्या सुरुवातीच्या नगांमध्ये एनकेटी २७५ हे पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. आपल्याकडे त्या जागी बहुतेक जण जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतून काढलेले एसी १२८ किंवा एसी १८८ लावतात. पीएनपी असल्यामुळे सगळं उलटं: बॅटरीचा प्लस ग्राउंडला आणि मायनस सर्किटला. पेडल एकटंच बॅटरीवर असेल तर त्यात काही वावगं नाही. पण ते बाकीच्या पेडलसोबत एकाच अडॅप्टरच्या डेझी चेनवर (सगळ्या पेडलना ओळीनं वीज देणाऱ्या वायरीवर) लावलं, तर गिटार केबलच्या शील्डमधून अडॅप्टरचा प्लस आणि मायनस थेट एकमेकांना भिडतात. म्हणून प्लस ९ घेऊन मायनस ९ देणारा बोर्ड मध्ये घालावा लागतो.

त्या बोर्डावर असते ७६६० किंवा तिच्या कुटुंबातली आठ पिनांची आयसी. तिचं काम बादलीनं पाणी वाहून नेण्यासारखं आहे: पिन २ आणि ४ मधला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर प्लस ९ वर भरायचा, मग उलटा करून पिन ५ वर रिकामा करायचा, की पिन ५ वर ग्राउंडच्या खाली ९ व्होल्ट तयार. साध्या ७६६० चा आतला ऑसिलेटर साधारण १० किलोहर्ट्झवर चालतो आणि आयसी त्याला दोननं भागते. म्हणजे कपॅसिटर भरणं-रिकामं होणं सेकंदाला सुमारे ५००० वेळा. शिट्टी हीच.

५ किलोहर्ट्झ हा पियानोच्या शेवटच्या पट्टीच्याही वरचा स्वर आहे, ती पट्टी ४१८६ हर्ट्झवर संपते. बावीस फ्रेटच्या गिटारवर सगळ्यात वरचा स्वर जेमतेम ११७५ हर्ट्झचा. त्यामुळे ही शिट्टी कुठल्याही सुरात मिसळत नाही, सतत वेगळी टोचत राहते. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही मोफत अ‍ॅप घ्या आणि फोन अँपसमोर धरा. ४ ते ६ किलोहर्ट्झच्या मध्ये एकच सुळका दिसला तर पुढे वाचा. ५० किंवा १०० हर्ट्झला गुणगुण दिसत असेल तर ती विजेच्या मेन्सची आहे. तिचा या बोर्डाशी संबंध नाही, आधी अडॅप्टर आणि केबल बघा.

बॅटरीची चाचणी

ही चाचणी मी कधीच वगळत नाही, कारण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

अडॅप्टर काढून ठेवा. बोर्डाच्या मायनस ९ च्या आउटपुटवरून फजच्या सर्किटकडे जाणारी वायर सोडवा. आता बॅटरीचा प्लस पेडलच्या ग्राउंडला आणि मायनस त्या सोडवलेल्या वायरीला क्लिपनं लावा. पेडल वाजवा. इथे शिट्टी येता कामा नये. इथेही आली तर ती सर्किटच्या स्वतःच्या ऑसिलेशनची आहे, म्हणजे बहुधा इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींना चिकटून चालल्या आहेत. कन्व्हर्टरला हात लावू नका, आधी त्या वायरी एकमेकींपासून दूर करा.

बॅटरीवर शांत असेल तर बॅटरी तशीच ठेवा आणि आता अडॅप्टर लावा. कन्व्हर्टर चालू झाला, पण त्याचा मायनस ९ कुठेच जात नाही. भार म्हणून त्याच्या आउटपुटवर, म्हणजे पिन ५ आणि ग्राउंडच्या मध्ये, ४.७ किलो-ओहमचा एक रेझिस्टर लावा, म्हणजे सुमारे २ मिलिअँपिअर, जवळपास फजइतकाच करंट वाहील. पुन्हा ऐका.

आता शिट्टी आली, तर विचार करा: फजला वीज बॅटरीकडून मिळते आहे, तरी कन्व्हर्टर ऐकू येतो आहे. म्हणजे ती सप्लायच्या वायरीतून येत नाही. ती ग्राउंडमधून येते आहे किंवा बोर्ड इनपुटच्या फार जवळ बसला आहे. अशा वेळी आउटपुटला कितीही कपॅसिटर लावले तरी उपयोग शून्य. आणि या टप्प्यावर शांतता असेल, बॅटरी काढून मूळ वायर जोडल्यावरच शिट्टी येत असेल, तरच ती सप्लायमधली रिपल, म्हणजे व्होल्टेजवरची बारीक लहर आहे आणि तिथे फिल्टर कामाला येतो.

माझ्याकडे आलेल्या पेडलमध्ये पहिला प्रकार खूप जास्त दिसतो. तरी सगळे जण सुरुवात फिल्टरपासून करतात, कारण आकृतीत फिल्टर दिसतो आणि ग्राउंडच्या वायरीची लांबी दिसत नाही.

ग्राउंडची वायर

ऐरोलीचा एक कॉलेजचा मुलगा पेडल घेऊन आला होता. काम स्वच्छ होतं, सोल्डर चमकत होतं. "काका, हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पण लावून बघितला, काही फरक नाही," म्हणाला. डबा उघडला. कन्व्हर्टरच्या ग्राउंडची हिरवी वायर व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबमागच्या पोटेन्शिओमीटरच्या) पाठीवर सोल्डर केलेली. पॉटच्या पाठीवरून दुसरी वायर इनपुट जॅककडे आणि इनपुट जॅकवरून तिसरी वायर डीसी जॅककडे. पहिल्या ट्रान्झिस्टरचा एमिटरही त्याच पॉटच्या पाठीवर टेकवलेला. म्हणजे कन्व्हर्टरचा प्रत्येक ठोका डीसी जॅकपर्यंत पोचायला गिटारच्या सिग्नलच्या सगळ्या ग्राउंडमधून फिरून येत होता.

कपॅसिटर भरताना आयसी क्षणभर मोठा करंट ओढते. सरासरी २ मिलिअँपिअर असली तरी ठोका त्याच्या कित्येक पट असतो. बारीक वायर आणि दोन-तीन सोल्डरच्या सांध्यांवर त्यातून मिलिव्होल्टचा काही अंश पडतो. एरवी हा आकडा कुणी मोजणारही नाही. पण तो फजच्या इनपुटशी जोडलेल्या ग्राउंडवर पडला की फज त्याला गिटारच्या सिग्नलसारखाच शेकडो पट वाढवतं. त्या मुलाच्या पेडलमधली हिरवी वायर मी पॉटवरून काढली आणि थेट डीसी जॅकच्या ग्राउंडच्या पायावर नेली. आयसी तीच, कपॅसिटर तेच. शिट्टी गेली.

तेव्हा नियम असा पाळा. कन्व्हर्टरच्या ग्राउंडची वायर एकटी, सरळ, आखूड, डीसी जॅकपर्यंत. फजच्या सर्किटच्या ग्राउंडची वायर वेगळी, तीही डीसी जॅकपर्यंत. दोघींची भेट फक्त त्या एका पायावर. जॅक, पॉट आणि डब्याचं ग्राउंड फजच्या बाजूला धरा. कन्व्हर्टरचं ग्राउंड डब्याला मध्येच कुठे टेकू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात झीरो पीसीबी (भोकांचा साधा बोर्ड) उभा करून ठेवला की त्याची कड डब्याला लागते आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून खाली जाड पुठ्ठा किंवा फोमची पट्टी चिकटवा.

बोर्डाची जागाही महत्त्वाची. तो डीसी जॅकच्या कोपऱ्यात बसवा, फूटस्विचकडून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसकडे येणाऱ्या वायरीपासून शक्य तितका लांब. ती एक वायर शील्डेड घ्या आणि शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा.

आणि डीसी जॅक प्लास्टिकचाच घ्या. गिटार पेडलच्या अडॅप्टरमध्ये मधली पिन मायनस आणि बाहेरचं नळकांडं प्लस असतं. धातूचा जॅक डब्यावर बसवलात तर प्लस ९ थेट डब्याला, म्हणजे ग्राउंडला लागेल.

फिल्टर लावायचाच असेल तर

बॅटरीच्या चाचणीत रिपल सिद्ध झाली असेल तर पिन ५ नंतर १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ही जोडी साधारण १६ हर्ट्झच्या वरचं सगळं दाबते, ५ किलोहर्ट्झला तर कागदावर सुमारे ३०० पट. २ मिलिअँपिअरला रेझिस्टरवर फक्त ०.२ व्होल्ट पडतात, म्हणजे आवाजात फरक जाणवत नाही. एवढ्या फिल्टरनंतरही शिट्टी तशीच असेल तर पुन्हा मागे जा, ती ग्राउंडचीच आहे.

दोन गोष्टी इथे नेहमी चुकतात. मायनस सप्लायवर कपॅसिटरची प्लस बाजू ग्राउंडला आणि पट्टी असलेली मायनस बाजू सप्लायला जाते. सवयीनं हात उलटा बसवतो, मग कपॅसिटर गरम होतो, व्होल्टेज ढासळतं, कधी तो फुगतो. दुसरं म्हणजे पिन ५ जवळच्या पहिल्या कपॅसिटरचं ग्राउंड कन्व्हर्टरच्या पिन ३ पाशी आणि १०० ओहमनंतरच्या कपॅसिटरचं ग्राउंड फजच्या बाजूला. उलट केलंत तर रिपल फिल्टरला वळसा घालून पुन्हा आत येते.

पिन ८ आणि ३ च्या मध्ये, आयसीला अगदी खेटून, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक विसरू नका.

एका अक्षराचा फरक

वायरिंग सुधारल्यावरही थोडी शिट्टी उरली तर आयसीचा नंबर वाचा. भिंगाखाली बघा: "आयसीएल ७६६० सीपीए" की "आयसीएल ७६६० एससीपीए". तो "एस" फार मोलाचा आहे. एसवाल्या आयसीत पिन १ ही बूस्टची पिन असते. ती पिन ८ ला जोडली की ऑसिलेटर १० वरून साधारण ३५ किलोहर्ट्झला जातो, त्याचा अर्धा १७.५. तो आवाज गिटारच्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. टीसी १०४४ एस मध्येही पिन १ बूस्टचीच, आणि ऑसिलेटर ४५ किलोहर्ट्झच्या आसपास पोचतो.

साध्या ७६६० मध्ये पिन १ आत कशालाच जोडलेली नाही. तिला पिन ८ ला जोडून काही होत नाही, आणि लोक म्हणतात "बूस्ट करूनही शिट्टी आहे". मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आयसी घेताना काउंटरवरच अक्षर वाचा. "दोन्ही एकच" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे एसवालीच मागा. ग्रँट रोडपर्यंत गाडी बदलत गेलेला माणूस चुकीची आयसी घेऊन ठाण्याला परतला की पुढचा रविवार उजाडेपर्यंत काम अडतं.

एलटी १०५४ मुळातच २५ किलोहर्ट्झच्या आसपास चालते आणि १०० मिलिअँपिअरपर्यंत देते. पण तिची पिन १ बूस्टची नाही, फीडबॅक आणि शटडाउनची आहे. ७६६० एस साठी केलेल्या बोर्डावर ती बसवायची तर पिन १ ची जोडणी तोडून पिन मोकळी ठेवा.

९ व्होल्टच्या सप्लायला पिन ६ मोकळीच राहते. ती फक्त ३.५ व्होल्टच्या खालच्या सप्लायला ग्राउंड करायची असते. पिन ७ वर काही लावू नका, तिथला कपॅसिटर ऑसिलेटर मंद करतो आणि शिट्टी आणखी कानात आणतो.

व्होल्टेज कमी येत असेल

प्लस ९ आत दिलं तर दीड-दोन मिलिअँपिअरच्या भारावर पिन ५ ला साधारण मायनस ८.७ च्या आसपास दिसायला हवं. उलट-सुलट अडॅप्टरपासून बचावासाठी १एन ५८१७ डायोड सिरीजमध्ये असेल तर त्याचे दोन-तीन दशांश त्यातच आले. आयसीचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स ५५ ओहमच्या आसपास असतो, म्हणून १० मिलिअँपिअर ओढलेत तर अर्ध्या व्होल्टहून जास्त जाईल. इथे बहुतेक वेळा गुन्हेगार एलईडी निघतो. तो मायनस ९ वर लावू नका. एलईडी प्लस ९ वरून घ्या, ४.७ किलो-ओहमच्या रेझिस्टरनं, भरपूर उजेड पडतो.

पिन ५ ला काहीच नाही आणि आयसी बोट भाजेल इतकी गरम, तर अडॅप्टर रिकामा मोजा. साध्या ७६६० ची कमाल मर्यादा १०.५ व्होल्ट आहे. जुने वजनदार ट्रान्सफॉर्मरचे "९ व्होल्ट" अडॅप्टर भाराशिवाय सहज १२ च्या पुढे दाखवतात. सीसीटीव्हीचे तर १२ चेच असतात, आणि राउटरच्या अडॅप्टरमध्ये मधली पिन बहुधा प्लस असते. रेग्युलेटेड ९ व्होल्टचा एसएमपीएस अडॅप्टर घ्या आणि त्यावरही विश्वास न ठेवता आधी मीटर लावा.

सप्लाय ठीक असल्यावर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मायनस ४.५ च्या आसपास आणा. जर्मेनियम उष्णतेनं सरकतं, मे महिन्यातला आकडा जानेवारीत राहणार नाही. म्हणून तिथे ट्रिमर, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा छोटा रेझिस्टर, ठेवणं चांगलं.

तयार बूस्ट मॉड्यूल वापरणाऱ्यांसाठी

ओव्हरड्राइव्ह पेडलला १८ व्होल्ट देण्यासाठी बरेच जण एमटी ३६०८ चं, व्होल्टेज वाढवून देणारं छोटं मॉड्यूल घेतात. ते १.२ मेगाहर्ट्झवर चालतं, मग ऐकू कसं येतं? भार अगदी हलका असला की ती आयसी आपोआप ठोके गाळायला लागते आणि गाळलेल्या ठोक्यांची लय कानाच्या टप्प्यात येते. पेडलला लागतात चार-पाच मिलिअँपिअर, मॉड्यूलच्या दृष्टीनं ते जवळपास काहीच नाही. आउटपुटवर २.२ किलो-ओहमचा रेझिस्टर कायमचा लावून बघा. तेवढ्यानं भागलं नाही तर १ किलो-ओहम, पण तो अर्ध्या वॉटचा, कारण १८ व्होल्टवर त्यात ०.३२ वॉट जिरतात. जोडण्याआधी मॉड्यूलचा ट्रिमर फिरवून व्होल्टेज ठरवून घ्या. सुरुवातीचे बरेच फेरे आकडा हलतच नाही, तिथे घाबरू नका. आणि पेडलमधले १६ व्होल्टचे कपॅसिटर २५ चे करा.

माझं मत विचाराल तर १८ व्होल्टसाठीही ७६६० एस आणि दोन डायोडचा डबलर (व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट) मॉड्यूलपेक्षा बरा. साध्या डायोडनं १६.८, १एन ५८१७ नं साडेसतराच्या जवळ मिळतात, आणि ओव्हरड्राइव्हला तो फरक कळत नाही. मॉड्यूलचे आउटपुट उलटे जोडून मायनस ९ मिळेल असं मात्र समजू नका. त्याच्या इनपुटचा आणि आउटपुटचा मायनस आतून एकच असतो, सरळ शॉर्ट होईल.

पावसाळ्यात परत आली तर

जून लागला की शिट्टीसोबत खरखरही घेऊन पेडल परत येतात. बोर्डाखाली बघा, पांढुरका चिकट थर असतो. सोल्डरिंग पेस्टचा. स्वस्त पेस्टमध्ये आम्ल असतं, खाडीकाठच्या दमट हवेत ते ओलावा धरतं आणि हळूहळू तांबं खातं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं घासा, पुसा, एक दिवस वाळू द्या. पुढच्या वेळी रोझिन भरलेली सोल्डर वायर घ्या, वेगळी पेस्ट लागतच नाही.

बायपासमध्येही शिट्टी

फज बंद आहे, ट्रू बायपास आहे, म्हणजे सिग्नल सर्किटला न शिवता थेट पुढे जातो, तरी शिट्टी येते आणि फजचा डीसी प्लग उपसला की जाते. म्हणजे कन्व्हर्टरचे ठोके डेझी चेनमधून उलटे जाऊन शेजारच्या पेडलमध्ये शिरत आहेत. बोर्डाच्या इनपुटला १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि त्यानंतर ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावा. या कपॅसिटरचं ग्राउंडही कन्व्हर्टरच्याच वायरीवर.

शिट्टीचा स्वर स्थिर न राहता हळूहळू वर-खाली सरकत असेल, तर चेनमध्ये दुसरा एखादा कन्व्हर्टर किंवा डिजिटल डिले आहे आणि दोघांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक ऐकू येतो आहे. एकेक प्लग काढत जा, जोडीदार सापडेल. सापडला की दोघांना एका चेनवर ठेवू नका, फजला स्वतंत्र अडॅप्टर किंवा पॉवर सप्लायचं आयसोलेटेड आउटपुट द्या. गणपतीच्या कार्यक्रमाला सोसायटीच्या मंचावर वाजवायचं असेल तर हे आदल्या दिवशी घरीच, सगळी पेडल जोडून, फज पूर्ण उघडून बघा. मंचावर लायटिंगचा खरखराट वेगळा असेलच, त्यात ही शिट्टी ओळखणं कठीण जातं.